काचेपलीकडची जागा

उज्ज्वला सबनीस नाशिकहून परत आली, तेव्हा तिच्या जागेवर सुषमा बसली होती.

जागा म्हणजे तशी फार मोठी नव्हे. सुरतेत रिंग रोडपासून जरा आत एका ट्रस्टचं रुग्णालय होतं, त्याच्या तिसऱ्या मजल्यावर प्रयोगशाळा, आणि प्रयोगशाळेच्या टोकाला काचेची भिंत घालून वेगळी काढलेली एक खोली. आत एक टेबल, एक उंच स्टूल, जंतू वाढवायची पेटी आणि हवा आत ओढून गाळणारं एक कपाट. त्याला सगळे हूड म्हणत. टीबीच्या थुंकीचं काम उघड्या टेबलावर करणं म्हणजे स्वतःच्या छातीशी खेळ, हे ट्रस्टींच्या गळी उतरवायला उज्ज्वलाला दोन वर्षं चपला झिजवाव्या लागल्या होत्या. हूड आला त्या दिवशी तिने हळदकुंकू वाहून नारळ फोडला होता. तेव्हापासून ती खोली तिची. तिथे कोणी विचारल्याशिवाय पाऊल टाकत नसे.

आणि आता सुषमा सोनवणे नाकातोंडावर दुहेरी मास्क बांधून त्या हुडासमोर बसली होती. काचेवर टकटक झाल्यावर तिने मान वळवली, उज्ज्वलाला पाहिलं, हातमोजा घातलेला हात वर केला आणि पुन्हा कामाला लागली. जशी काही घरची मालकीण दारात आलेल्या पाहुणीला सांगते, बसा हं, आलेच.

सुषमा तीन वर्षांपूर्वी इथे लागली होती. लिंबायतची पोर. वडील भाईदास सोनवणे धुळ्याकडून येऊन पॉवरलूमवर बारा-बारा तास उभे राहणारे, आई सरलाबाई साड्यांना टिकल्या लावणारी. गुजराती शाळेत शिकून पोरगी एम.एस्सी.ला पहिल्या वर्गात आली. उज्ज्वलानेच तिची मुलाखत घेतली, तिनेच तिला पसंत केलं, तिनेच तिला जंतू ओळखायला शिकवलं. सुषमाची बोटं चलाख होती आणि ती थकत नसे. पहिल्या वर्षी उज्ज्वला लोकांना कौतुकाने सांगायची, "माझी सुषमा." दुसऱ्या वर्षी ती नुसतं "सुषमा" म्हणू लागली. तिसऱ्या वर्षी विभागप्रमुख डॉ. नायक एखादी अवघड प्लेट, म्हणजे जंतू वाढवलेली काचेची बशी, उज्ज्वलाला दाखवायच्या आधी सुषमाला दाखवू लागले, तेव्हा तिने सुषमाचा विषय काढणंच सोडलं.

मग चौऱ्याण्णव सालचा सप्टेंबर उजाडला. तापीचा पूर ओसरून गेला होता, गणपती विसर्जित झाले होते, आणि वेडरोडकडून माणसं खोकत, रक्त थुंकत सरकारी दवाखान्यात येऊ लागली. कोणीतरी प्लेग हा शब्द उच्चारला आणि अख्खं गाव चळलं. औषधांच्या दुकानांतून प्लेगवरचं टेट्रासायक्लीन गायब झालं. खाजगी दवाखान्यांना कुलपं लागली, डॉक्टरांच्याच गाड्या सगळ्यात आधी हायवेला लागल्या. स्टेशनवर माणसं डब्यांच्या टपावर चढली. लूम थांबले. एरवी दिवसरात्र खडखडणाऱ्या लिंबायतमध्ये कुत्र्याचं भुंकणं ऐकू येऊ लागलं.

डॉ. नायकांनी सगळ्यांना बोलावून विचारलं होतं. "नमुने आपल्याकडेही येणार. कोण थांबणार? जबरदस्ती नाही."

"मी आहे," उज्ज्वला पटकन म्हणाली होती. तिच्याखेरीज कोण थांबणार? खोली तिची होती.

पण अडाजणच्या घरी प्रकाशने बॅगा भरून ठेवल्या होत्या. प्रकाश सबनीस बँकेत अधिकारी, मुळात सावध माणूस. धाकटी सायली तोंडावर रुमाल बांधून रडत होती, मोठा आशिष बुटांच्या नाड्या बांधत होता.

"तुला काय करायचंय ते कर," प्रकाश म्हणाला, "पण तू त्या खोलीतून रोज घरी येणार आणि मुलांजवळ झोपणार, हे मला चालणार नाही. निदान नाशिकपर्यंत सोडायला तरी चल."

ती गेली. मुलांना सोडून लगेच परत येते, असं तिने नायकांना फोनवर सांगितलं. पण नाशिकला नणंदेने अंगणातच डेटॉलच्या पाण्याने अंघोळ घातली, सायलीला कणकण आली, सुरतेकडे येणाऱ्या बस बंद पडल्या, आणि "लगेच"ला जवळजवळ आठवडा लागला. अखेरीस एक बस मिळाली. तिच्यात ती धरून चारच प्रवासी होते. कंडक्टरने तिकीट फाडताना दोनदा विचारलं, "सुरतच ना ताई?"

तेवढ्या दिवसांत जग उलटं झालं होतं.

"आवी गया, उज्ज्वलाबेन? सरस. बरं झालं आलात," डॉ. नायक म्हणाले. उंच माणूस, डोळ्यांखाली काळं झालं होतं. त्यांनी आवाजात कुठेही टोमणा येऊ दिला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. "सुषमाने फार सांभाळलं. दोन प्लेटींवर संशयाची वाढ मिळालीय. दिल्लीहून दोन डॉक्टर आलेत, तेही खूश आहेत. तुम्ही बाहेरचं बघा. माध्यम बनवणं, निर्जंतुक करणं, नमुन्यांची आवक."

"आतलं मी घेते ना आता."

"नको. आत एकच माणूस, असा नियम केलाय मी. हूड जुना झालाय, त्याच्यावर किती भरवसा ठेवायचा? धोका एकाला आहे तो दोघांना कशाला?"

भांडणार तरी कशासाठी? मला मरणाच्या जवळ बसू द्या, म्हणून?

पण पोटात जे पेटलं ते पेटलंच. ती बाहेरच्या टेबलावर जंतूंना वाढायला लागणारं अगार उकळत बसे आणि नजर पुन्हा पुन्हा काचेकडे जाई. सुषमाने स्टुलाची उंची कमी केली होती. सुषमाने लूपचा, म्हणजे जंतू उचलायच्या तारेच्या कडीचा, स्टँड उजवीकडून डावीकडे नेला होता. दिल्लीचे ते दोघे मोठे शास्त्रज्ञ, त्यातला एक पांढऱ्या केसांचा, काचेपाशी उभे राहून तिला "सुषमाजी" म्हणत. चहा आला की पहिला कप सुषमासाठी झाकून ठेवला जाई. कुठल्याशा गुजराती पेपरात तिचा मास्कमधला फोटो आला होता, खाली मथळा, 'जेव्हा डॉक्टर पळाले'. शिपाई धुडकूने तो कापून भिंतीवर चिकटवला होता. तो मथळा आपल्यालाच उद्देशून आहे असं उज्ज्वलाला वाटे. डॉक्टर नसूनही.

रोज दुपारी ती एसटीडी बूथवरून नाशिकला फोन करी.

"काळजी घेतेस ना?" प्रकाश विचारी. "आत तर जात नाहीस ना?"

"नाही. मला आत घेतच नाहीत."

"बरंय की मग!"

ती फोन ठेवून देई. बूथवाल्याला पैसे देताना तिला नवऱ्याला ओरडून सांगावंसं वाटे की ती पोरगी माझ्या खोलीत बसलीय, माझ्या हुडासमोर, आणि उद्या तिला काही झालं तरी तिचं नाव होईल आणि नाही झालं तरी तिचंच होईल. पण असं काही बोलणाऱ्या बाईला लोक काय म्हणतील, हे तिला कळत होतं.

एका सकाळी तिने काचेतून पाहिलं. सेंट्रिफ्यूज, म्हणजे नळ्या गरागरा फिरवणारं यंत्र, खाडखाड वाजलं आणि सुषमाने झटकन बटण बंद केलं. झाकण लगेच उघडायचं नसतं. फुटलेल्या नळीतले बारीक थेंब हवेत तरंगत असतात, ते खाली बसेपर्यंत खोलीबाहेर पडून वाट पाहायची असते. हे उज्ज्वलानेच तिला शिकवलं होतं. सुषमा क्षणभर थांबली, मग बाहेर न येता तिने झाकण उघडलं, आत फिनॉल ओतलं आणि कापसाने पुसू लागली.

बाहेर आल्यावर उज्ज्वलाने विचारलं, "काय झालं गं?"

"काही नाही मॅडम. पाणी सांडलं."

"नळी फुटली ना?"

"रिकामी होती." सुषमा नजर न भिडवता हात धुऊ लागली. बाहेर नमुन्यांची रांग लागली होती आणि दिल्लीकरांना दुपारपर्यंत निकाल हवे होते.

उज्ज्वला आपल्या टेबलाकडे वळली. तुझी खोली, तू बघ, असं काहीसं तिच्या मनात आलं आणि त्यात एक ओंगळ गारवा होता.

त्यानंतर दोन दिवसांनी सुषमा कामावर आली ती ओढणी अंगाभोवती घट्ट लपेटून. ऑक्टोबरच्या तोंडावरचा सुरतेचा उकाडा. माणसं घामाने निथळत होती. काचेपलीकडे ती लूप धरून बसली होती आणि लूपचं टोक हलत होतं. दुपारी प्लेटींचा ट्रे देताना उज्ज्वलाचा हात तिच्या मनगटाला लागला. मनगट तव्यासारखं तापलं होतं.

मास्कच्या वर सुषमाचे डोळे तांबरलेले होते.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "संध्याकाळी बोलू?"

उज्ज्वला ट्रे ठेवून वळली. तिला नेमकं काय करायचं आहे हे पायांना आधीच कळलं होतं. नळी फुटलेली तिने पाहिली होती. ताप हाताला लागला होता. अशा माणसाला त्या खोलीत, त्या मजल्यावर, शहरातही मोकळं राहू देणं हा गुन्हा होता. सांगायलाच हवं होतं, आणि लगेच सांगायला हवं होतं. यात कुठेही खोट नव्हती, आणि म्हणूनच ती इतक्या हलक्या पावलांनी चालली होती.

नायकांची केबिन रिकामी होती. ते चर्चेच्या खोलीत दिल्लीच्या पाहुण्यांबरोबर बसले होते. चार लोक होते, एक पत्रकारही होता. दारातून खूण करून त्यांना बाहेर बोलावता आलं असतं. उज्ज्वला सरळ आत गेली.

"सर, सुषमाला ताप आहे. परवा आतल्या खोलीत तिच्याकडून नळी फुटली, तिने लगेच झाकण उघडलं आणि कोणाला सांगितलं नाही. ती आज दिवसभर तशीच काम करतेय."

पत्रकाराने नकळत खिशातला रुमाल काढून नाकाला लावला. पांढऱ्या केसांचा मोठा शास्त्रज्ञ हिंदीत म्हणाला, "लेकिन ये तो बहुत गैरजिम्मेदारी है।"

हे वाक्य ऐकायलाच आपण आत आलो, हे उज्ज्वलाला तेव्हाच कळलं.

सुषमाला न्यायला दोन माणसं आली, डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली. तिला कोणी हात लावला नाही. ती स्वतःच हातमोजे काढून, हात धुऊन, बाहेर आली आणि दोघांच्या मधून चालू लागली. मजल्यावरचे सगळे भिंतीला चिकटून उभे राहिले. उज्ज्वलापाशी येताच ती थबकली.

"संध्याकाळी बोलू म्हणाले होते ना मी," ती म्हणाली. बस, एवढंच.

तिला सरकारी दवाखान्याच्या वेगळ्या वॉर्डात ठेवलं, प्लेगच्या संशयितांमध्ये. डॉ. नायकांनी खोलीत औषध फवारून घेतलं आणि उज्ज्वलाकडे पाहून म्हणाले, "आता तुम्हीच."

तिने स्टूल पुन्हा उंच केलं. लूपचा स्टँड उजवीकडे आणला. नाकावर दुहेरी मास्क बांधला. भीती वाटत होती, पण त्या भीतीच्या आत कुठेतरी माहेरी आल्यासारखं वाटत होतं, आणि ते लपवायला काचेच्या आत कोणी नव्हतं.

पहिलाच डबा आला तो सुषमाचा. वरच्या चिठ्ठीवर नाव होतं, वय सव्वीस. थुंकी आणि रक्त.

तिने काचपट्टी केली, निळा रंग दिला, धुतली, वाळवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. त्या रोगाचे जंतू असले तर दोन्ही टोकांना गडद आणि मधे फिके दिसतात, मिटलेल्या सेफ्टी पिनेसारखे. ती पाहू लागली. पहिल्या जागी काही नाही. दुसऱ्या जागी काही नाही. पुढे सरकवलं, काही नाही. नेहमीचे तोंडातले जंतू, पेशी, रंगाचे डाग. आणखी सरकवलं.

आणि एका कोपऱ्यात तशी पिन दिसली. लहानशी, निळी, दोन टोकांना गडद.

उज्ज्वलाचं काळीज उडी मारून वर आलं. सापडली.

तिने स्क्रू फिरवून बारकाईने पाहिलं. रंगाचा कण होता. दोन कण शेजारी शेजारी पडले होते, बाकी काही नाही. डोळा बाजूला घेऊन ती मागे टेकली, आणि मग तिला जाणवलं की मघाशी काळजाने जी उडी मारली ती भीतीची नव्हती. नुकत्याच भरलेल्या चुलीत फुंकर घातल्यावर जाळ उठतो, तसा आनंद उठला होता. सव्वीस वर्षांच्या पोरीच्या थुंकीत आपण मरण शोधत होतो आणि ते मिळाल्याचा आपल्याला हर्ष झाला होता.

मास्कच्या आत स्वतःचाच श्वास गरम, आंबट लागू लागला. या खोलीत जे काही विषारी होतं त्याला गाळायला हूड होता. तिने घट्ट डोळे मिटले, पुन्हा उघडले, आणि काचपट्टी अगदी पहिल्या कोपऱ्यापासून परत तपासायला घेतली. या खेपेला ती काहीही न सापडण्यासाठी पाहत होती, आणि शास्त्रात तेही चूकच, म्हणून तिसऱ्यांदा पाहिली. थुंकी स्वच्छ होती.

मग तिने रक्ताची काचपट्टी घेतली. ती कोणी मागितली नव्हती. रक्त फक्त जंतू वाढवायला पाठवलं होतं. पण थंडी वाजून ताप, सुरत, पुरानंतरची डबकी. तिने वेगळा रंग दिला आणि पाहिलं. फार शोधावं लागलं नाही. तांबड्या पेशीत अंगठी, अंगठीला खडा. शेजारी दुसरी. मलेरिया. साधा, सुरतेत घरोघरी होणारा मलेरिया.

"मलेरिया आहे, सर!" ती फोनमध्ये जवळजवळ ओरडली. "थुंकी निर्मळ आहे, रक्तात मलेरिया. तिला तिथून काढा. ती त्या वॉर्डात खऱ्याखुऱ्या रोग्यांमध्ये पडलीय, सर!"

"जंतू वाढवून पाहायचं कल्चर हाती येईपर्यंत काढता येणार नाही," नायक थकल्या आवाजात म्हणाले. "तुम्हीच तर सांगितलंत, नळी फुटली म्हणून. पेपरवाले पण आता दारात बसलेत. मी काय सांगू त्यांना? मलेरियाची गोळी तेवढी चालू करू."

"कोण देणार गोळी? निम्मा स्टाफ पळालाय तिथला."

तिने फोन ठेवला आणि गोळ्यांचं पाकीट घेतलं.

ती स्वतःच गेली. धुडकूला बरोबर घेतलं नाही. तो निघाला होता, पण तिने त्याला परत पाठवलं. दवाखान्याच्या फाटकावर पोलीस होते, पांढऱ्या पावडरीची रेघ ओढली होती, आणि रेघेच्या अलीकडे फुटपाथवर एक बाई गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. जवळ स्टीलचा डबा. उज्ज्वलाने तिला ओळखलं. दिवाळीला ती एकदा प्रयोगशाळेत फराळ घेऊन आली होती. सरलाबाई. भाईदास धाकट्या मुलांना घेऊन धुळ्याला गेले होते, ही मात्र पोरीसाठी लिंबायतमध्येच राहिली होती.

"ताई!" सरलाबाई धडपडत उठली. "मनी पोर कशी शे? मले कोनी मधमा जाऊ देत नही."

"तिला मलेरिया आहे, मावशी. दुसरं काही नाही. मी स्वतः तपासलं."

सरलाबाईने डोळे मिटून हात जोडले आणि मग अचानक खाली वाकून उज्ज्वलाच्या पायांना हात लावला. "तुमीन देखं म्हनीसन कळनं. नही ते ती पोर कोनले सांगती? तापमा बी कामले गयी. तुमीन वाचाडी तिले. देव तुमले सुखी ठेवो."

"मावशी, नका," उज्ज्वला मागे सरली. पायांना विस्तव लागल्यासारखं झालं होतं. एवढीशी गोष्ट होती. खरं सांगायचं होतं. पण त्या बाईच्या तोंडावर जो उजेड आला होता तो विझवायची हिंमत तिला झाली नाही. तिने डबा घेतला आणि मास्क बांधून आत गेली.

वॉर्डात खिडक्या सताड उघड्या होत्या. फिनाईलच्या वासाखाली दुसरा एक वास होता. शेवटच्या खाटेवर सुषमा भिंतीकडे तोंड करून झोपली होती. शेजारची खाट रिकामी. गादी गुंडाळून ठेवलेली.

"सुषमा. गोळ्या आणल्यात. मलेरिया निघाला."

ती वळली.

"शेजारी एक बाई होती," ती म्हणाली. "पांडेसऱ्याची. नवरा डाईंग मिलमध्ये. सकाळी गेली. मला पाणी मागत होती, मी उठून दिलं."

उज्ज्वलाने तिला उठवून बसवलं, गोळ्या दिल्या, पाणी दिलं. "तू टेट्रासायक्लीन तरी घेतलं होतंस ना? आपल्याला रोजचं मिळत होतं."

"आईला देत होते. बाजारात मिळतच नव्हतं."

"वेडी आहेस का तू? नळी फुटली, गोळी नाही, ताप आला, आणि तू सांगत नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही आत बसला असता." सुषमाने हे अगदी सरळ सांगितलं. "पेपरात काय काय लिहिलंय, मॅडम. शूर, वाघीण. मी शूरबिर काही नाही. तुम्ही नाशिकला गेलात आणि ती खोली मोकळी झाली. तीन वर्षं मी बाहेर बसून त्या काचेतून बघत होते. मला वाटलं, प्लेग काय नि काय, ही संधी परत येणार नाही. बाबा म्हणाले, चल धुळ्याला. मी म्हटलं, नाही."

बाहेर कुठेतरी ट्रॉली खडखडत गेली. सुषमाने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं.

"एक विचारू? सगळ्यांसमोर सांगितलंत म्हणे. नायक सरांना तुम्हाला बाहेर बोलावून सांगता आलं असतं."

"हो."

"मग?"

उज्ज्वलाने खाटेच्या लोखंडी दांड्याला धरलं. "मला त्या लोकांसमोर सांगायचं होतं," ती म्हणाली. "तुला उतरलेलं बघायचं होतं मला." आणि मग, आता थांबवताच येईना म्हणून, "तुझी काचपट्टी पाहताना मला एकदा वाटलं की सापडलं. आणि मला बरं वाटलं."

सुषमाचा चेहरा आक्रसला. तिने पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. उज्ज्वला उभीच राहिली. जायला सांगितलं असतं तर गेली असती, पण सांगितलंही नाही.

"मी तुमच्या जागी असते," भिंतीकडून आवाज आला, "तर सगळ्यांसमोरच सांगितलं असतं. म्हणून तर जास्त राग येतोय तुमचा." मग, "काचपट्टीचं मात्र माहीत नाही. ते मला झेपणार नाही बहुतेक. डबा कुणाचा आहे?"

"आईचा. फाटकाशी बसल्यात."

"तिला हे सांगू नका."

"नाही सांगत."

"तिच्यावर उपकार म्हणून नाही," सुषमा म्हणाली. "ती तुम्हाला शिव्या देईल आणि मग मला तुमची बाजू घ्यावी लागेल. तेवढी ताकद नाही आत्ता."

उज्ज्वला उन्हं कलेपर्यंत तिथे थांबली. पेशंटना पाणी द्यायला माणूस नव्हता, म्हणून तिने इतर खाटांनाही पाणी दिलं. पुढच्या दोन दिवसांत ती सकाळी काचेच्या खोलीत काम करी आणि दुपारी वॉर्डात जाई. नायकांनी पेपरवाल्यांना बोलावलं तेव्हा ती न सांगता शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, सुषमा सोनवणेंना मलेरिया आहे, त्यांचं काम चोख होतं, आणि नळी फुटली ती यंत्र जुनं म्हणून. ते बदलण्याची मागणी मी गेल्या वर्षीच करायला हवी होती. दुसऱ्या दिवशी हे छापून आलं नाही. पळालेली माणसं परतू लागली होती, पेपरांचं लक्ष दुसरीकडे गेलं होतं.

कल्चर स्वच्छ निघालं. सुषमा सुटली, घरी आठवडाभर झोपली, भाईदास पोरं घेऊन परत आले, लिंबायतचे लूम पुन्हा खडखडू लागले. तो रोग नेमका कोणता, यावर मोठमोठ्या लोकांचे वाद पुढे कितीतरी दिवस चालले. पण तिसऱ्या मजल्यावर एक नियम कायमचा बदलला. उज्ज्वलाने नायकांशी भांडून तो बदलून घेतला. आत कधीही एकटा माणूस जाणार नाही. एकीच्या हातून काही सांडलं तर दुसरीने पाहिलेलं असलं पाहिजे, आणि पाहिलेलं त्याच मिनिटाला, तिच्याच तोंडावर बोललं पाहिजे.

म्हणून त्या अरुंद खोलीत दोन स्टुलं आली, एक उंच, एक बुटकं. दोघींची कोपरं एकमेकींना लागत. कधी कधी दिवसभर कामापलीकडे शब्द होत नसे. "झाकण," एक म्हणे. "थांबलेय," दुसरी म्हणे.

हिवाळा सरता सरता दिल्लीहून बोलावणं आलं. धोक्याच्या जंतूंवर काम करायचं सहा महिन्यांचं शिक्षण, एकाच व्यक्तीला. उज्ज्वलाने नायकांच्या केबिनमध्ये जाऊन, दार लावून, स्पष्ट सांगितलं, "मला जायचंय, सर." तिच्या आधीच सुषमाही तेच सांगून गेली होती. दिल्लीकरांनी सुषमाला निवडलं. तिचं वय कमी होतं, आणि पांढऱ्या केसांच्या त्या माणसाला, काय झालं असेल ते असो, तिच्या हातच्या प्लेटी आठवत होत्या.

ही बातमी सुषमानेच येऊन सांगितली. उज्ज्वला म्हणाली, "अभिनंदन," आणि तिच्या गळ्यातून तो शब्द खरवडूनच निघाला. सुषमाला ते ऐकू आलं. ती हसली नाही, तिने आभारही मानले नाहीत. "सहा महिने आत तुमच्याबरोबर कोण बसेल ते ठरवा," ती म्हणाली. "एकट्या जाऊ नका."

त्या संध्याकाळी अडाजणच्या घरी उज्ज्वला पोळ्या लाटत होती. प्रकाश ओट्याशी येऊन उभा राहिला. तिचा चेहरा पाहून त्याने नेहमीच्या काळजीने विचारलं, "काय गं, बरं वाटत नाही का? अंग तापलंय का?"

"नाही," ती म्हणाली. तव्यावरची पोळी टम्म फुगली होती. तिने ती उलटली. "सुषमा दिल्लीला चाललीय. मला हेवा वाटतोय."

लग्नाला सतरा वर्षं झाली होती, पण असं काही तिने त्याला कधी सांगितलं नव्हतं.

"खूप?" त्याने विचारलं.

"खूप," उज्ज्वला म्हणाली. "मुलांना हाक मार. जेवून घेऊ."